सवलत पाहू नका, हिशेब मांडा

जुने मॉडेल बंद व्हायला आले की शोरूममध्ये सवलतीचे फलक लागतात आणि शेजारीच नवी इलेक्ट्रिक गाडी उभी असते. "स्वस्त मिळतेय, घेऊन टाका" असे एक जण सांगतो. "घ्यायची तर नवीच घ्या" असे दुसरा सांगतो. आम्हाला दोन्ही सल्ले मान्य नाहीत. आपल्या बहुतेक घरांत ही पिढ्यानपिढ्यांतली पहिली चारचाकी असते आणि तिचा हप्ता मुलांच्या फीच्या शेजारी बसतो. मग निर्णय दुसऱ्याच्या उत्साहावर का सोडायचा?

एक उदाहरण तपासू. सप्टेंबर २०२३ मध्ये टाटा नेक्सॉन ईव्हीचे नवे रूप आले आणि शिल्लक राहिलेल्या जुन्या गाड्यांवर सवलती लागल्या. जुन्या 'प्राइम'ची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासाची, प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर. नव्या लाँग रेंज प्रकाराची बॅटरी ४०.५ ची, पल्ला ४६५. हे चाचणीतले आकडे आहेत; रस्त्यावर पल्ला बराच कमी मिळतो. जुन्यात दोन एअरबॅग, नव्यात सर्व प्रकारांत सहा.

आता पैसा. दोन्ही गाड्यांत दोन लाखांचा फरक धरा. ९ टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जावर हा फरक महिन्याला सुमारे ३,२०० रुपये होतो, सात वर्षांत सुमारे २ लाख ७० हजार. ही रक्कम लहान नाही. पण तीन-चार वर्षांत गाडी विकायची असेल, तर बंद झालेल्या आणि कमी पल्ल्याच्या गाडीला भाव कमी येतो आणि आज मिळालेली सवलत त्या दिवशी परत द्यावी लागते. आठ-दहा वर्षे वापरणार असाल तरच ती खरी तुमची.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. रोज शहरात पन्नास-साठ किलोमीटर फिरणे, हक्काची पार्किंगची जागा आणि गाडी दीर्घकाळ ठेवण्याचा विचार, या तिन्ही गोष्टी असतील तर जुने मॉडेल घेण्यात कमीपणा नाही. मात्र गाडी कोणत्या महिन्यात बनली आणि बॅटरीची वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू होते, हे लेखी घ्या. दर सुट्टीला म्हातारे आईवडील आणि मुले घेऊन महामार्गाने गावी जाणार असाल, तर जास्तीच्या चार एअरबॅग सवलतीच्या बदल्यात सोडू नका. तिथे नवीच घ्या.

आणि चार्जिंगची जागाच नसेल तर? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. पण चाळीत किंवा वस्तीत चौथ्या मजल्यावरून वायर खाली सोडायची कुठे? अशा घराने आज दोन्ही गाड्या नाकाराव्यात. आधी सोसायटीच्या सभेत चार्जिंग पॉइंटचा ठराव मांडावा, नगरसेवकाला सार्वजनिक चार्जिंगचा जाब विचारावा.

गाडी ही सोय आहे, प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र नाही. शेजाऱ्याने कोणती घेतली यावरून आपली ठरत नाही. रोजचे किलोमीटर, महिन्याचा हप्ता, चार्जिंगची जागा आणि गाडी ठेवण्याची वर्षे, हे चार आकडे कागदावर लिहा. त्यांचे उत्तर आल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नका.