पहिली बंदूक पॉइंट टू-टूचीच

अमेरिकेत रेंजवर एक-दोनदा जाऊन आलं, नेम बरा लागला, की स्वतःची बंदूक घेण्याचा विचार डोक्यात घोळू लागतो. अशा वेळी दुकानात आणि मित्रमंडळींतही हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: नाइन एमएमची कार्बाइन घ्या. पिस्तुलाचं काडतूस वापरणारी, पण रायफलसारखी खांद्याला लावून झाडायची ही बंदूक. रूगरची पीसी कार्बाइन, केल-टेकची दुमडून ठेवता येणारी सब-२०००, स्मिथ अँड वेसनची एफपीसी, सीझेडची स्कॉर्पियन अशी बरीच मॉडेल्स बाजारात आहेत आणि त्यांचा खपही चांगला आहे. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्यांनी सांगितलेले गुणही खोटे नसतात. तरीही माझं मत असं की केवळ छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्याने पहिली बंदूक म्हणून ही कार्बाइन घेऊ नये. ज्या गुणांसाठी ती घ्यायला सांगतात, ते सगळे पॉइंट टू-टूच्या, म्हणजे लहानशा .२२ काडतुसाच्या रायफलीत अधिक स्वस्तात आणि अधिक चांगले मिळतात. कार्बाइनचं स्वतःचं असं जे वेगळेपण आहे, त्याची नवशिक्याला गरज नसते.

आधी गुणांचा विचार करू. पिस्तूल फक्त दोन हातांच्या पकडीवर तोलावं लागतं. कार्बाइनला खांदा आणि गाल असे आणखी दोन आधार मिळतात, त्यामुळे नेम स्थिर राहतो. नळी लांब असल्याने तिचं तोंड चुकून शेजारच्या लेनकडे वळण्याची शक्यताही पिस्तुलापेक्षा कमी. अनेक इनडोअर रेंजवर मोठ्या रायफलींना मनाई असते, कारण समोरचा गोळ्या अडवणारा पोलादी बांध तेवढा मारा सोसण्यासाठी बांधलेला नसतो. तिथे नाइन एमएम चालते. हे सगळं खरं. पण यातली एकही गोष्ट नाइन एमएममुळे साधत नाही. खांद्याचा आधार, लांब नळी, इनडोअर रेंजवर प्रवेश हे सगळं पॉइंट टू-टूच्या रायफलीतही तसंच मिळतं. आवाज बराच कमी, हा आणखी एक फायदा. कानांना संरक्षण दोन्हींत लागतंच, पण बंद छताखाली शेजारून येणारे हादरे नवख्या माणसाला किती विचलित करतात हे रेंजवर गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

धक्क्याबद्दलचा समज जरा तपासून घेण्यासारखा आहे. ‘पिस्तुलाचीच गोळी, त्यात बंदूक जड, म्हणजे धक्का नावालाच’ असं सांगितलं जातं. पण यातल्या बहुतेक कार्बाइनमध्ये बोल्ट अडकवून ठेवणारी यंत्रणाच नसते. गोळी सुटताना मागे येणारा जोर केवळ बोल्टचं वजन आणि स्प्रिंग यांच्या बळावर रोखलेला असतो. त्यामुळे बोल्ट मुद्दाम जड ठेवावा लागतो. रूगरने तर त्यात टंगस्टनचं वजन बसवलं आहे. हा जड तुकडा प्रत्येक गोळीला जोरात मागे जातो, आपटतो आणि पुन्हा पुढे येऊन आपटतो, आणि दोन्ही वेळा नेम हलतो. खांदा दुखेल इतका तो धक्का नसतो, पण दचकायची सवय लागायला पुरेसा असतो. ही सवय ओळखायची एक जुनी रीत आहे: मॅगझिनमध्ये मधेच एखादं निकामी, सरावाचं काडतूस कुणाला तरी भरायला सांगायचं. चाप ओढला, बार उडालाच नाही, तरी नळीचं तोंड झटकन खाली गेलं, तर समजावं की हात धक्क्याची वाट बघत होता. एकदा ही सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो, आणि ती मोडण्यासाठी प्रशिक्षक शेवटी पॉइंट टू-टूच हातात देतात. धक्का कमी करणारी यंत्रणा असलेल्या कार्बाइनही मिळतात, उदाहरणार्थ वायूच्या दाबावर चालणारी सिगची एमपीएक्स. पण तिची किंमत साध्या कार्बाइनच्या दुपटीच्याही पुढे जाते.

खर्चाचा हिशेबही सरळ आहे. नाइन एमएमची साधी गोळी साधारण पंचवीस सेंटला पडते असं धरू, पॉइंट टू-टूची आठ सेंटला. भाव वरखाली होतात, पण दोन्हींतलं हे प्रमाण साधारण असंच राहतं. महिन्यातून दोनदा रेंजवर गेलं आणि दर वेळी दोनशे गोळ्या झाडल्या, तर वर्षाला एकीकडे १२०० डॉलर आणि दुसरीकडे ३८४. वर १९६४ पासून बनत आलेली रूगरची १०/२२ ही रायफल कार्बाइनच्या साधारण निम्म्या किमतीत येते. नेमबाजी सुधारते ती झाडलेल्या आणि विचारपूर्वक तपासलेल्या गोळ्यांमुळे. तेवढ्याच पैशात तिप्पट सराव होत असेल, तर शिकणाऱ्याने दुसरा पर्याय का निवडावा, याचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही. पॉइंट टू-टूची एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. तिची काडतुसं नाइन एमएमपेक्षा जास्त वेळा फुसकी निघतात. बार उडाला नाही तर नळी लक्ष्याकडेच रोखून अर्धा मिनिट थांबायचं आणि मगच बोल्ट उघडायचा, हा नियम त्यामुळे पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावा लागतो.

पॉइंट टू-टू म्हणजे पोरांचं खेळणं, मोठ्या माणसाला त्यात काय मजा, असा आक्षेप येतो. मराठी माणसाने तरी तो घेऊ नये. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. हे तिन्ही प्रकार पॉइंट टू-टूचे आहेत. जगातली सर्वांत काटेकोर नेमबाजी ज्या काडतुसावर चालते, ते शनिवारच्या सरावाला कमी पडेल असं म्हणणं टिकत नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा. घरात नाइन एमएमचं पिस्तूल असेल तर गोळ्या त्याच, आणि काही मॉडेल्समध्ये मॅगझिनही तीच वापरता येते. या कल्पनेला मोठा इतिहास आहे. विंचेस्टरची १८७३ ची रायफल आणि त्याच काडतुसाचं कोल्टचं रिव्हॉल्व्हर ही जोडी अमेरिकेच्या पश्चिमेत लोकप्रिय झाली, कारण शेकडो मैलांत दुकान नसलेल्या माणसाला कमरेच्या एकाच पट्ट्यातून दोन्ही शस्त्रं भरता येत होती. रेंजच्या काउंटरवर सगळ्या प्रकारच्या गोळ्या मिळत असताना ती अडचणच उरलेली नाही. लांब नळीमुळे गोळीचा वेग वाढतो हेही खरं. सोळा इंची नळीतून नेहमीची नाइन एमएम गोळी पिस्तुलापेक्षा साधारण दहा-पंधरा टक्के अधिक वेगाने जाते. पण पंचवीस यार्डांवरच्या कागदाला त्याने काहीच फरक पडत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: छंद तर होईलच, शिवाय घराच्या संरक्षणालाही उपयोगी पडेल. हे दोन हेतू एकत्र केले की बंदूक ठेवायची कशी, याबद्दलचा निर्णयच बिघडतो. छंदाची बंदूक रिकामी, तिजोरीत कुलपात, आणि गोळ्या दुसरीकडे वेगळ्या कुलपात अशी ठेवता येते. संरक्षणासाठी घेतलेली बंदूक माणूस हाताशी ठेवू लागतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. कॅलिफोर्नियातल्या लाखो रहिवाशांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचं बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या आठपट आढळलं. स्त्रियांमध्ये ते पस्तीसपट होतं. हा अभ्यास पिस्तुलांचा आहे, रायफलींचा नाही, हे खरं. पण हाताशी असलेलं भरलेलं शस्त्र वाईट क्षणी विचार करायला उसंत देत नाही, ही गोष्ट नळीच्या लांबीने बदलत नाही. ज्या घरात अभ्यासाच्या ताणाखालची किशोरवयीन मुलं आहेत (आणि आपल्यापैकी किती घरांत नाहीत?), तिथे मी या मुद्द्यावर तडजोड करणार नाही.

आता कायदा, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांसाठी प्रश्न तिथेच सुटतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ व्हिसावर आलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं यासारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही त्यात येते. म्हणजे भारतातून आलेल्या आईवडिलांना गंमत म्हणून दोन गोळ्या झाडायला देणं हा खेळ नाही, त्यांना गुन्ह्यात ओढणं आहे. नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही, पण शस्त्राबद्दलचा गुन्हा सिद्ध झाला तर ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येतं. पतीपत्नींपैकी एक व्हिसावर असेल तर तिजोरीची किल्ली कुणाकडे, हा प्रश्न वकिलाला विचारूनच सोडवावा. राज्यांचे नियम आणखी वेगळे. न्यू जर्सीत आणि इलिनॉयमध्ये आधी ओळखपत्र काढावं लागतं. कॅलिफोर्नियात पिस्तुलासारखी मूठ आणि काढता येणारी मॅगझिन असलेली सेमी-ऑटोमॅटिक नाइन एमएम कार्बाइन बंदी असलेल्या शस्त्रांत मोडते, पॉइंट टू-टू मात्र त्या व्याख्येबाहेर राहते. कॅनडाने १ मे २०२० रोजी घातलेल्या बंदीत स्कॉर्पियन, बेरेटाची सीएक्स-४ स्टॉर्म आणि एमपीएक्स यांची नावंच होती. आणखी एक, रेंजवर नेलेली पिशवी भारतात जाताना कधीही वापरू नका. अस्तरात राहिलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवायला पुरतं. त्यातून नाइन एमएम हा भारतात सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअर आहे.

मग ही कार्बाइन कुणी घ्यावी? ज्याला यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या सामन्यांत उतरायचं आहे, त्याने. तिथे २०१६ पासून या बंदुकांचा वेगळा विभाग आहे, धावत जाऊन लक्ष्यं टिपायची असतात, आणि नाइन एमएमपेक्षा लहान काडतूस चालत नाही. तिथे ती योग्यच आहे, आणि तो खेळ मोठा रंगतदार आहे. पण नुसत्या पोलादी पाट्यांवर वेगाने नेम धरायचा असेल, तर स्टील चॅलेंज या स्पर्धाप्रकारात पॉइंट टू-टूच्या रायफलींनाही स्वतंत्र विभाग आहे. म्हणून ज्यांची कायद्याची बाजू निर्धोक आहे, त्यांना माझी विनंती अशी: आधी रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन झाडून बघा, मग तिजोरी घ्या, मग पॉइंट टू-टूची रायफल, आणि एक वर्ष नियमाने सराव करा. त्यानंतरही सामन्यांची ओढ वाटली, तर कार्बाइन घ्या.