घटनात्मक ओळख (युरोपीय संघ)

घटनात्मक ओळख ही युरोपीय संघाच्या कायद्यातील एक संकल्पना आहे. सदस्य राष्ट्राच्या राज्यघटनेचा जो गाभा संघाच्या कायद्यापुढेही अबाधित राहावा असे मानले जाते, त्यास ही संज्ञा आहे. हा गाभा ठरविण्याचा अंतिम अधिकार राष्ट्रीय न्यायालयांचा की लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाचा, हा वादाचा मूळ मुद्दा होय.

पार्श्वभूमी

युरोपीय न्यायालयाने १९६४ मध्ये 'कोस्टा विरुद्ध एनेल' खटल्यात तत्कालीन युरोपीय समुदायाचा कायदा राष्ट्रीय कायद्याहून श्रेष्ठ ठरविला व १९७० मध्ये हे तत्त्व राज्यघटनांनाही लागू केले. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने ते विनाअट स्वीकारले नाही. २००९ च्या लिस्बन निकालात त्याने घटनात्मक ओळखीची तपासणी स्वतःकडे राखली. जर्मन राज्यघटनेच्या कलम ७९(३) नुसार मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आदी तत्त्वे घटनादुरुस्तीनेही बदलता येत नाहीत. जे संसदेलाच बदलता येत नाही ते संघाकडे सोपविताही येत नाही, असा हा युक्तिवाद होता. १ डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या लिस्बन करारानुसार, युरोपीय संघाच्या कराराचे कलम ४(२) राष्ट्रांच्या राजकीय व घटनात्मक रचनेत अंतर्भूत असलेल्या ओळखीचा आदर करण्याचे बंधन संघावर घालते.

पोलंड आणि हंगेरी

हंगेरीने २०१८ च्या घटनादुरुस्तीने घटनात्मक ओळखीचे रक्षण हे प्रत्येक शासकीय अंगाचे कर्तव्य ठरविले. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने संघाच्या करारातील काही तरतुदी, युरोपीय न्यायालयाने लावलेल्या अर्थानुसार, राज्यघटनेशी विसंगत ठरविल्या. हा युक्तिवाद वरकरणी जर्मनीसारखाच होता. परंतु येथे मूळ वाद न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचा होता. शिवाय या न्यायाधिकरणाने एका खटल्यासाठी नेमलेले पीठ कायद्यानुसार स्थापन झालेले नव्हते, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मे २०२१ मध्येच दिला होता. राज्यघटनेचा गाभा ठरविणारे न्यायालयच स्वतंत्र नसेल, तर ओळखीचे संरक्षण हे सत्ताधाऱ्यांचे संरक्षण ठरू शकते.

१६ फेब्रुवारी २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने दोन्ही राष्ट्रांच्या याचिका फेटाळल्या. कायद्याचे राज्य धोक्यात आल्यास संघाचा निधी रोखण्याची तरतूद वैध ठरवताना, कराराच्या कलम २ मधील मूल्ये ही संघाची स्वतःची ओळख असल्याचे त्याने नमूद केले.

भारतीय संदर्भ

भारतात केशवानंद भारती खटल्यात (१९७३) मांडलेला मूलभूत संरचनेचा सिद्धांत या संकल्पनेशी साम्य दाखवितो. मात्र तो संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारावर मर्यादा घालतो. बाह्य कायद्याशी त्याचा संबंध नाही.