चोवीस तासांचा हिशेब

२००९ साली गुजरातेतल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची, म्हणजे आपल्याकडच्या बोलीतल्या ‘पांढऱ्या काविळी’ची साथ आली. चाळीसहून अधिक माणसे दगावली. वापरलेल्या सिरिंजच पुन्हा टोचल्याचा संशय आला, डॉक्टरांना अटक झाली. माणसे पटापट गेली म्हणून ती साथ दिसली. एरवी हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे बिनबोभाट राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार भारतात सुमारे तीन कोटी लोक त्याला घेऊन वावरतात. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही.

म्हणून या आजारात रुग्णाची नोंद महत्त्वाची. मात्र रकाना भरून आकडा वर पाठवला की काम संपले, ही आपली सवय इथे घातक आहे. रुग्ण सापडला की घरच्यांची तपासणी आणि लस, आणि रुग्ण गर्भवती असेल तर बाळाची सोय, हे खरे काम तिथून सुरू होते. प्रौढांना लागण झाली तर शंभरात पाचांहूनही कमी जणांत ती कायमची राहते. नवजात बाळांत मात्र दहांतल्या नऊ जणांत. ते टाळायला जन्मानंतर चोवीस तासांत लसीचा पहिला डोस हवा. आई बाधित असेल तर जोडीला इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही.

२०११पासून ही लस देशभर आहे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. तरीही बाळंतपण रात्री किंवा रविवारी झाले की डोस उद्यावर जातो. ‘एका बाळासाठी दहा डोसांची कुपी कशाला फोडायची?’ हा त्यावरचा ठरलेला सवाल. वास्तविक, नीट थंड ठेवलेली उघडी कुपी चार आठवडे वापरायला सरकारी नियमच मुभा देतो.

दुसरी अडचण भीतीची. एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने हा आजार पसरत नाही. तरी घरात ताट वेगळे होते, ठरलेले लग्न मोडते. एचआयव्हीबाधितांना भेदभावापासून २०१७च्या कायद्याचे संरक्षण आहे. पांढऱ्या काविळीच्या रुग्णाला तसा स्वतंत्र कायदा नाही. नाव फुटेल या धास्तीने माणूस तपासणीच टाळणार असेल, तर नोंदीची सक्ती केली तरी ती कागदावरच राहील.

तेव्हा अशा सक्तीचा नियम करायचाच तर नाव गुप्त ठेवण्याची हमी आधी द्या. आणि प्रत्येक प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत दोन वेळा शेजारी शेजारी लिहायला लावा: बाळ जन्मल्याची आणि डोस दिल्याची.