भाड्याआधी पाटी पाहा

अंबत्तूरच्या आमच्या शाखेत दिवाळी सरली की थरच्या वाळवंटाचे बेत शिजू लागतात. विमानाची तिकिटे महिनोन्‌महिने आधी निघतात; जोधपूर विमानतळावरून पुढे नेणाऱ्या मोटारीचा विचार मात्र तेथे उतरल्यावर होतो. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. जोधपूरहून जैसलमेर सुमारे २८० किलोमीटर. जैसलमेरहून समच्या वाळूच्या टेकड्या ४०, तर तनोट १२० किलोमीटर. सायंकाळचे विमान असल्यास मुक्काम जोधपुरातच करावा, कारण रात्री रस्त्यावर गुरे आणि उंट येतात.

स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत पेट्रोल-डिझेल मोटारीची नंबरपाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार स्वस्त पडते खरी. परंतु तिच्या विमापत्रातून भाडोत्री वापर वगळलेला असतो. अपघात घडल्यास नुकसानभरपाईचा दावा नाकारला जाऊ शकतो.

गेल्या हिवाळ्यात मीही त्या मोहात पडलो होतो. मालकाकडे विमापत्र मागितले ते पत्नीने. दिवसभर इतरांची कागदपत्रे तपासणाऱ्या मला ते सुचले नव्हते! मालकाने टाळाटाळ केली. आम्ही काळ्या पाटीची मोटार घेतली आणि वाढीव भाड्यापोटी एक मुक्काम कमी केला.