आधी जगू तर द्या!

व्यसनी माणसाला नवी सुई देणे म्हणजे व्यसनाला खतपाणी घालणे, असे आपल्यातले पुष्कळजण म्हणतात. मला हे पटत नाही. एकच सुई चौघांनी वापरली की एचआयव्ही व हिपॅटायटिस-सी चौघांत पसरू शकतात. सुई नाकारल्याने व्यसन मात्र सुटत नाही. मुंबईत ‘संकल्प’ ही संस्था १९९५ पासून रस्त्यावरच्या व्यसनी माणसांसाठी झटते आहे. जुनी सुई घेऊन नवी देणे, जखमेची मलमपट्टी, सुईऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, असे हे काम. त्यात उपदेश कमी, माणुसकी जास्त!

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पदपथावरच्या पोरात नि माझ्यात अंतर असेल ते फार तर एका शिष्यवृत्तीचे. तो सुधारेलच असे कोण सांगणार? पण सुधारायला माणूस आधी जिवंत तर राहिला पाहिजे!