सवयीची झोप

खेड्यातला माणूस शांततेत वाढतो, असा शहरातल्या मंडळींचा एक समज आहे. आमच्या माळेगाव बुद्रुकपुरता तो मुळीच खरा नाही. गळीत हंगाम सुरू झाला की रात्र उरतच नाही. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांवरची कर्कश गाणी, शिवनगरला कारखान्याकडे निघालेली वाहनांची रांग, हे सारे ऐकतच आम्ही झोपलो. आमच्या घरात त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही. त्या ट्रॉल्यांत आमचाही ऊस होता.

एवढ्या शिदोरीवर मी कळव्याला मुलाच्या नव्या फ्लॅटवर महिनाभर राहायला गेलो. सहावा मजला, आणि खिडकीखाली मध्य रेल्वेचे रूळ. रात्री एकच्या सुमारास शेवटची लोकल जाते, पहाटे चारनंतर पुन्हा वर्दळ सुरू होते. मधल्या वेळात मेलगाड्या आणि मालगाड्या असतातच. मालगाडी आली की मांडणीतली भांडी थरथरत. मुलगा म्हणाला, ''अण्णा, आठ दिवसांत सवय होईल.''

झालीही. पण सकाळी डोके जड असायचे, आणि तीन वर्षांचा नातू मात्र भोंगा वाजला की दचकून उठायचा. मग मला प्रश्न पडला, आपण ज्याला सवय म्हणतो ती नेमकी कुणाला होते?

आवाजाचा त्रास मनाला कमी वाटू लागतो, हे खरे. ही गाडी आपल्याला कामावर नेते, म्हणून तिचा आवाजही आपण पदरात घेतो. माळेगावात आम्ही तेच करत होतो. पण शरीर असा हिशेब करत नाही. माणूस जागा झाला नाही तरी मोठ्या आवाजाने नाडीचे ठोके वाढतात, गाढ झोप उथळ होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली रेल्वेच्या आवाजासाठी रात्रीची सरासरी मर्यादा ४४ डेसिबल सुचवली. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचे गणित साधे नसते. दहाने आकडा वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. शिवाय हे आकडे सरासरीचे. झोप मोडते ती मात्र अर्ध्या मिनिटात जाणाऱ्या एका गाडीने.

यात दोष कुणाचा? रेल्वे म्हणेल, आम्ही आधीचे. तेही खोटे नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. इमारती नंतर रुळांजवळ आल्या. पण रूळही इमारतींजवळ आलेच की! ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ साली सुरू झाली. तिची गरज होती, यात वाद नाही. पुण्यात तर मेट्रो स्थानकांपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात जादा चटईक्षेत्र देण्याचे धोरण आहे. म्हणजे यापुढे आणखी कुटुंबे गाड्यांच्या सोबतीला राहणार. प्रवास वाचतो, म्हणून ते योग्यच. पण त्यांच्या झोपेचा विचार नकाशा काढतानाच व्हायला हवा.

उपाय अवघड नाहीत. आवाजाचा मोठा भाग चाक आणि रूळ यांच्या खडबडीतपणातून येतो. रूळ वेळच्या वेळी घासून गुळगुळीत ठेवले की तो कमी होतो. वस्तीजवळ ध्वनिरोधक भिंती उभारता येतात. इमारतीत जिना, स्वयंपाकघर रुळांच्या बाजूला आणि निजायच्या खोल्या पलीकडे घेता येतात. घट्ट बसणाऱ्या दुहेरी काचा उपयोगी पडतात, पण खिडकी उघडली की त्यांचा गुण संपला. आपल्या उकाड्यात हे विसरून चालणार नाही. आणि फ्लॅट विकताना 'स्टेशनपासून पाच मिनिटे' असे छापणाऱ्यांनी रात्री मोजलेला आवाजही कागदावर लिहून द्यावा. मुलाने घर पाहिले ते रविवारी दुपारी. रात्रीचे कुणी त्याला सांगितले नाही.

निघण्यापूर्वी आम्ही नातवाची गादी मागच्या खोलीत हलवली. तिथे सामान ठेवले होते, ते रुळांकडच्या खोलीत आणले. त्या रात्री तो एकदाच उठला. हे शहाणपण घर बांधणाऱ्याला आधी सुचले असते, तर सूनबाईला महिनोन् महिने जागावे लागले नसते.