मारेगावला केबलीसोबत साठवणही हवी

1. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्याच्या इंटरनेटवर बोलताना आपण फक्त वेगासाठी भांडतो. माझी मागणी त्यापुढची आहे. विद्यार्थी आणि शेतकरी पुन्हा पुन्हा पाहतील ते व्हिडिओ साठवणारा सर्व्हर इथेच, मारेगावात बसवा.

2. टीव्हीचं प्रक्षेपण एकदा होतं आणि सगळे ते पाहतात. हवा तेव्हा उघडता येणारा व्हिडिओ मात्र प्रत्येकासाठी वेगळा पाठवावा लागतो. सेकंदाला 1 मेगाबिट या बेताच्या दर्जाचा 20 मिनिटांचा धडा म्हणजे 150 मेगाबाइट. तो 40 पोरांनी आपापल्या सवडीने उघडला, की बाहेरून 6 गिगाबाइट ओढावे लागतात. साठवण गावात असली तर तोच धडा एकदाच आणायचा, तोही रात्री लाइन मोकळी असताना. 2 टेराबाइटच्या डिस्कवर असे चार हजारांहून जास्त तास मावतात. इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांत आपले साठवण-सर्व्हर ठेवण्याचा उपक्रम नेटफ्लिक्सने 2012 मध्येच जाहीर केला. सिनेमासाठी जे होतं, ते शाळेसाठी का होऊ नये?

3. ग्रामपंचायतींना इंटरनेटने जोडणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेच्या रचनेत ग्रामपंचायतींच्या केबली तालुक्याच्या केंद्रात जुळतात. सर्व्हरची जागा तीच. रस्त्याच्या कामात यवतमाळकडची केबल तुटली, तरी साठवलेलं गावागावांत पोचत राहील.

4. काय साठवायचं, हा खरा प्रश्न. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. डब्यावरची बारीक अक्षरं शेतमजुराने उन्हात कशी वाचायची? वाऱ्याकडे पाठ करून फवारणं, औषधं मनाने न मिसळणं, गरगरायला लागताच पंप खाली ठेवून दवाखाना गाठणं, हे पाच मिनिटांत दाखवता येतं. ग्रामपंचायतीच्या वायफायवर संध्याकाळी फोनमध्ये उतरवलं, की सकाळी धुऱ्यावर पाहता येईल. हेच पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, कोलामी भाषेत पोचलं पाहिजे. ज्या भाषेत छापील मजकूर फारच थोडा आहे, तिला बोलता व्हिडिओ पुस्तकाहून जास्त उपयोगी. तो पोडावरच्याच माणसांनी, मानधन घेऊन, बोलावा.

5. पंचायत समिती आणि नगरपंचायतीने तसा ठराव घ्यावा. त्यात सर्व्हर, बॅटरी आणि पगारी तंत्रज्ञ यांची तरतूद हवी, बिघाड किती तासांत दुरुस्त होईल हेही लिहिलेलं हवं. फवारणीचे व्हिडिओ कपाशीच्या पहिल्या फवारणीआधी चढलेले असावेत.